पुढची चूल

१

माझा पोरगा नीलेश जीप घेऊन डोंगराकडे गेला आहे. तो परत येईपर्यंत मी हे लिहून काढतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धवट, तेव्हा चुका काढत बसू नका. अजून एक सांगून ठेवतो, मी भुतंखेतं मानत नाही. उमर रुळावर गेली, कटलेली माणसं पोत्यात भरली, त्यातला एकही परत येऊन मले काही बोलला नाही.

आम्ही चौघं रेल्वेच्या एकाच गँगमधले. गिट्टी सारायची, स्लीपर बदलायचे, उन्हाळ्यात रूळ वाकला की धावायचं. अनंतराव आमचा मेट, म्हणजे गँगचा म्होरक्या. तुळशीराम बोलतो कमी, खोकतो जास्त. गुलाबराव उंटासारखा लांब, आणि तोंडाले लगाम नाही. मी नत्थू. हातोड्यापेक्षा पळी बरी चालवतो म्हणून गँगचा आचारी.

मी डावखुरा. शाळेत मास्तरनं डाव्या हातावर पट्टी मारली, मी पट्टी हिसकून विहिरीत टाकली, शाळा संपली. गँगमध्येही पहिल्या दिवशी तेच. डाव्या हातचं कोण खाईल म्हणून सारे पान मांडीवर धरून बसले. अनंतरावनं एकट्यानं पान पुढं केलं. "वाढ बे," म्हणे, "पोटाले काय समजते कोणता हात होता ते." त्या दिवसापासून त्या माणसाच्या पानात मी कमी पडू दिलं नाही.

माझी चूल दुनियेपेक्षा वेगळी. लोकांच्या चुलीचं तोंड बसणाऱ्याच्या पोटासमोर असते. माझं उजव्या अंगाले. डाव्या हातानं पळी फिरवायची, त्याच वेळी उजव्यानं लाकूड सारायचं. दोन्ही हातांना काम, आणि धूर डोळ्यात जात नाही. तीन दगड चुलीचे आणि चौथा चपटा, बसायले, कारण माझे गुडघे गेले. अशी चूल मी दुसऱ्या कोणाची पाह्यली नव्हती.

जेवण झालं की पानं एका दगडाखाली दाबून ठेवायची, ही गँगची रीत. उडून रुळावर गेली की साहेब बोंबलते. रूळ सुटले, रीत राहिली.

२

रिटायर झाल्यावर लोक तीर्थाले जातात. आम्ही दर हिवाळ्यात डोंगरात जायचो, आणि वाट सोडून जायचो. ही अनंतरावची टूम. म्हणे, उमरभर मान खाली घालून चाललो, कुठं रुळाची चावी निघाली, कुठं बोल्ट ढिला. आता जिथं रूळ नाही, सडक नाही, पायवाट पण नाही, तिथून मान वर करून चालायचं. कवर्ध्याच्या बसनं चिल्फीले उतरायचं आणि मैकल डोंगराच्या धारेधारेनं, म्हणजे माथ्यामाथ्यानं, अमरकंटकच्या बाजूले सरकायचं. पाय म्हणतील तिथून खाली यायचं.

रायपूर राजधानी झाली त्याच्या दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट. सारं शहर खोदून ठेवलं होतं. आमच्या गुढियारीतून स्टेशनले जायचं तर खड्ड्यातून चढ-उतार, तोच एक डोंगर. निघायच्या आदल्या दिवशी मी अनंतरावच्या घरी गेलो. त्याची बायको, वनमालावहिनी, दारातच उभी.

"भाऊजी, समता कॉलोनीतल्या डाक्टरनं त्याइले चढ मना केला हाय. छातीत दुखते त्याइच्या."

"मंग ठेवा न घरी."

"माह्यं ऐकते काय ते? तुमच्या भरोशावर सोडून राहिली. जसे नेले तसे आणून द्या."

"पावती लिहून देऊ काय वहिनी? माल धक्का न लागता पोचन."

आतून अनंतराव ओरडला, "मी काय पार्सल होय बे?"

वहिनी हसली नाही. माझ्या डाव्या हाताले धरून म्हणे, "कबूल करा." मी कबूल केलं. मी सहसा कोणाले काही कबूल करत नाही.

३

धारेवर चढून गेल्यावर माणसाचा वास संपला. पहिला दिवस बांबूतून अंग घासत गेलो. हात ओरबाडले, गुलाबरावची टोपी एका काट्यानं ठेवून घेतली. ऊन कलायच्या आत सरईच्या झाडाखाली एक सपाट जागा भेटली, बाजूले झरा. मी दगड पाहायले गेलो.

चूल मांडलेली होती.

तीन दगड. चौथा चपटा, बसायचा. मी त्यावर बसून पाह्यलं. तोंड उजव्या अंगाले.

"नत्थ्या," गुलाबराव म्हणे, "तू कवा येऊन गेला बे?"

"तुझ्या लग्नाले."

"नाई, खरंच सांग न."

ही धार आमच्यासाठी नवी होती, कोणीच कधी आलं नव्हतं. राख थंड. मी विचार केला, बैगा आदिवासी असतील, जंगलवाले मजूर असतील. मग तुळशीरामनं बाजूचा एक दगड उचलला. खाली पानं दाबलेली. जेवलेली, चार. तुळशीराम आमची पानं टोचतो, बांबूची काडी आडवी-उभी घालून, फुलीसारखी. त्यानं त्यातलं एक पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि खोकायचा थांबला. पहिल्यांदाच तो इतका वेळ खोकला नाही.

"असतीन आपल्यासारखेच कोणी रिटायर बुढे," अनंतराव म्हणे. "नत्थू, भूक लागली. चूल तयारच हाय."

"दुसऱ्याच्या चुलीवर मी शिजवत नाही," मी म्हटलं. लाथ मारून दगड पांगवले आणि चार हात दूर माझी मांडली. मांडून झाल्यावर पाह्यलं तर हुबेहूब तीच. मग मले स्वतःचाच राग आला, आणि डाळीत मीठ जास्त पडलं.

४

दुसऱ्या मुक्कामाले राख कोमट होती.

जागा मीच निवडली होती, आणि मुद्दाम वाकडी निवडली होती. अनंतराव म्हणे खिंडीत थांबू, मी म्हटलं नाही, वरच्या खडकाच्या आड. तिथं पोचलो तर चूल समोर. चपटा दगड, उजवीकडे तोंड, दगडाखाली चार पानं. पानांवर डाळ ओली होती.

गुलाबराव दोन्ही हात तोंडाले लावून ओरडला, "ओ भैया, कोन हव?" दरीनं आवाज गिळून टाकला, परत दिला नाही. चार माणसं जंगलात पुढं चालत असतील तर काडी मोडते, पाखरू उडते, बिडीचा वास येते. काही नाही. आणि आम्ही स्वतः तर घोड्यासारखे फुसफुसत चाललो होतो.

मी सरळ माणूस, सरळ हिशोब केला. कोणीतरी आमची गंमत करून राहिलं आहे. पण एवढ्या उंच येऊन चार म्हाताऱ्यांची गंमत करायले कोण रिकामं आहे? आणि मी कुठं थांबणार हे मलेच माहीत नव्हतं तर त्याले कसं माहीत?

जेवताना अनंतरावनं छातीवर हात ठेवला आणि आम्ही पाह्यलं म्हणून खिशात बिडी शोधल्यासारखं केलं.

"अनंता, सकाळी खाली उतरू," मी म्हटलं.

"गँग मागं फिरते काय?"

"गँग संपली. पेन्शन घेते आता."

"मेट कोण हाय, तू का मी?"

तो मेट होता. सकाळी पुढं निघालो. मी त्याले मधात घेतलं, त्याची थैली माझ्या खांद्यावर टाकली, आणि स्वतः पुढं झालो. जे काही आहे ते पहिल्यांदा मले भेटू दे, असा विचार होता. मी घाबरलो नव्हतो. मले राग आला होता.

५

दुपारी धार एका दरीनं तुटली. पलीकडे, आमच्यापेक्षा थोडं खाली, एक टप्पा होता. मी कड्यावर आलो तेव्हा बाकीचे मागं दम खात होते. म्हणून हे मी एकट्यानं पाह्यलं.

टप्प्यावर धूर निघत होता. चुलीभोवती तिघं बसले होते. दोघांनी डोक्यावरून चादरी घेतल्या होत्या, तोंडं दिसत नव्हती. तिसरा चपट्या दगडावर, माझ्याकडे अर्धी पाठ करून, शिजवत होता.

पहिल्यांदा मले त्याचं शिजवणंच खटकलं. उजव्या हातानं पळी फिरवायचा, पळी खाली ठेवायचा, त्याच हातानं लाकूड सारायचा, मग परत पळी. डावा हात मांडीवर पडलेला, पिळून टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा. मी मनात म्हटलं, काय आळशी माणूस आहे, दुसरा हात काय सासऱ्याले देऊन आला? अशा माणसाले मी गँगमध्ये पाणीसुद्धा भरू दिलं नसतं.

ओरडणार होतो, पण त्याच्या वागण्यात काही बदललं. जसं आवाज ऐकू आल्यावर माणूस थांबते तसं. मी तर आवाज केला नव्हता. त्यानं पळी खाली ठेवली. त्याच हातानं लाकूड मागं ओढलं. मग मान वर करून माझ्याकडे पाह्यलं.

चेहरा धुरात होता, नाकडोळे मले सांगता येणार नाहीत. पण कोणी वाईट खबर घेऊन दारात आलं की माणूस ज्या तऱ्हेनं पाहते, त्या तऱ्हेनं तो पाहत होता. मले पाहून नाही. मी जे आणलं ते पाहून.

"काय दिसून राहिलं रे?" मागून अनंतराव.

मी वळून म्हटलं, "काही नाही. दम खा." परत पाह्यलं तर टप्पा रिकामा. धूरही नव्हता.

६

दरी उतरून त्या टप्प्यावर जाणं भाग होतं, खाली जायची सोपी उतरण तिथूनच होती. मी पुढं पळालो म्हणा, गुडघे असतील तसे.

चूल थंड. नुसती थंड नाही, राखेत गवत उगवलेलं. चपटा दगड होता. मी बसून पाह्यलं. चुलीचं तोंड माझ्या पोटासमोर. साऱ्या दुनियेची असते तशी.

बाजूचा दगड उचलला. तीन पानं.

आता माझं डोकं काही शाळेत तयार झालेलं नाही, पण हिशोब उघडा होता. चौघांचे तिघं झाले, आणि शिजवणारा डावखुरा नाही. म्हणजे माझ्या जागी दुसरं कोणी बसलं. म्हणजे जो कमी झाला तो मी. बाकीचे तिघं आहेत. अनंतराव आहे.

खरं सांगतो, मले हलकं वाटलं. वनमालावहिनीले दिलेला शब्द माझ्या मरणानं मोडत नव्हता. पानं मी खिशात कोंबली, दगड लाथेनं पांगवले, आणि बाकीचे पोचले तेव्हा म्हटलं, "इथून खाली. मी आता एक पाऊल पुढं जाणार नाही, मेट असो का मेटाचा बाप."

का कोण जाणे, अनंतराव भांडला नाही. उतरताना एकदाच म्हणे, "पांढरा फटक पडला बे तू."

रायपूरले पोचून त्याले त्याच्या दारात उभं केलं. "घ्या वहिनी," मी म्हटलं, "मोजून घ्या, हात दोन, पाय दोन."

त्या वेळी ती हसली.

७

मग मी मरायची वाट पाह्यली. घाबरत नाही, नीट पाह्यली. नीलेश उरल्याच्या कारखान्यात कामावर जाते, त्याले कपाटाची चावी दाखवून ठेवली. सून सोनियाले म्हटलं, मी गेल्यावर रडारड नको, शेजाऱ्यांना त्रास होते. ती म्हणे, "पापाजी, आप ना, सुबह-सुबह ऐसी बातें मत किया करो." उन्हाळा गेला. मी मेलो नाही. अर्धी बरसात गेली. मी पैलवानासारखा ठणठणीत.

पोळ्याच्या सुमाराले सकाळी नळावर बालटी उचलली आणि ती उचललीच गेली नाही. पाहतो तर डावा हात बालटीच्या कडीवर होता, पण माझा नव्हता. लकवा. तोंड सुधारलं, पाय सुधारला, हात गेला. आता उजव्यानं लिहून राहिलो. मास्तरले जे पट्टीनं जमलं नाही ते लकव्यानं जमवलं.

मी चूप बसणारा नाही. थंडी पडली तसा मागच्या आंगणात अंघोळीचं पाणी तापवायले गेलो. आमचं आंगण रेल्वेलाइनच्या खाली आहे, वर गिट्टीचा बांध, त्यावरून लोक येजा करतात. तीन दगड मांडले, चपटा ओढला, बसलो. उजवीकडे तोंड ठेवून जमेना. एकाच हाताले भांडं पण सांभाळायचं, लाकूड पण सारायचं, तर तोंड पोटासमोरच पाह्यजे. मी दगड फिरवले.

फिरवून झाले आणि मी तसाच बसून राहिलो. डावा हात मांडीवर पडला होता. पिळून टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा.

पाणी उकळून उकळून अर्धं झालं.

माझ्या जागी दुसरं कोणी बसलं नव्हतं. तिघांतला एक मीच होतो.

८

डोंगराचे दिवस आले तसा अनंतराव आला. चहा पुढं ठेवला.

"यंदा लौकर निघू," म्हणे.

"मी येत नाही."

"काहून?"

"एका हाताच्या माणसानं डोंगरात काय करावं?"

"तुले कोणी गिट्टी उचलायले सांगून राहिलं काय? बस अन् शिजव. थैली मी घेतो तुझी, मागच्या बारीले तू माझी घेतली होती."

"नाही म्हटलं न."

"मंग आम्ही तिघं जातो."

"तुळशी अन् गुलाब येत नाहीत. मी त्याइले सांगून ठेवलं."

त्यानं चहाचा कप बाजूले सारला. कड्यावरून मी काय पाह्यलं ते त्याले सांगू शकलो असतो. पण सांगितलं असतं तर तो मुद्दाम गेला असता, मले माहीत आहे ना तो. आणि सांगायचं तरी काय, की तू त्या चुलीवर नव्हतास?

"तू मेट झाला काय आता?" म्हणे. "माह्या छातीत दुखते म्हणून मले घरात बांधून ठेवतं? त्या घरी ती वनमाला, या घरी तू. मान वर करून चालायचे चार दिवस होते माह्ये वर्षातले."

चहा तसाच टाकून गेला. मले वाईट वाटलं नाही. मी जिंकलो होतो. डोंगरच नाही तर चूल कुठली, आणि चूलच नाही तर तिघं कुठले. त्याचा रुसवा काढायले मी निरोप धाडला, रविवारी आंगणात पिठलं-भात करतो, माझ्या एका हातचा, सारे या.

९

आज रविवार.

सकाळी थंडी अशी होती की नळाचं पाणी दाताले लागत होतं. तुळशीराम आला, खोकत. मागून गुलाबराव.

"एका हाताचं पिठलं अर्ध्या चवीचं त नाई न?" म्हणे.

"तुले जीभ पूर्ण हाय, तेवढं बस."

सोनियानं दोघांना चादरी आणून दिल्या. त्यांनी त्या डोक्यावरून घेतल्या आणि चुलीजवळ उकिडवे बसले. तुळशीराम पानं टोचायले लागला. मी बेसन कालवून कढईत सोडलं, पळी फिरवली, पळी ठेवली, लाकूड सारलं, पळी उचलली.

"अनंता उशीर करून राहिला," गुलाबराव म्हणे.

"येईल. पिठल्यावर तो रुसत नाही."

"पानं किती लावू?" तुळशीराम.

"चार. विचारून काय राहिला?"

"तीन झाले. चौथ्याचं पान फाटलं." त्यानं दुसरं घेतलं. तेही फाटलं.

तेव्हा मी दोघांकडे पाह्यलं. चादरीखाली तोंडं दिसत नव्हती. धूर सरळ वर जात होता, बांधाच्या उंचीपर्यंत. आणि मले कळलं की मी डोंगरात डोंगर पाह्यलाच नव्हता, हेच आंगण पाह्यलं होतं.

पण मी नत्थू आहे. मी लगेच ठरवलं. त्या माणसानं मान वर केली होती. मी करणार नाही. काहीही झालं तरी कढईतून नजर काढायची नाही. मान खाली घालून चालायची मले उमरभराची सवय, त्यात मले कोण हरवते? अनंता येईल, पान पुढं करेल, मी न पाहता वाढीन, त्याचा हात मी हजारात ओळखतो. मग पाहू.

वर बांधावर गिट्टी वाजली.

गिट्टीवरचं पाऊल मले समजते. बुटाचं वेगळं, चपलेचं वेगळं. हे बाईमाणसाचं होतं, आणि घाईचं होतं.

"भाऊजी." वनमालावहिनीचा आवाज. "हे तुमच्याइकडं आले न?"

तुळशीरामचा खोकला थांबला. मी पळी फिरवत राह्यलो.

"अंधारातच उठले. थैली भरली, म्हणे कवर्ध्याची पहिली बस हाय. मले वाटलं मजाक करून राहिले, तुमच्याकडंच येतीन. जाता जाता म्हणे, नत्थूले सांगजो, यंदा चूल मी मांडतो."

पिठलं खाली लागायले लागलं होतं, करपल्याचा वास येत होता. ती वरून परत म्हणाली, हळूच, "भाऊजी, इकडं पाहा न."

मी पळी खाली ठेवली. त्याच हातानं लाकूड मागं ओढलं. मग मी मान वर केली.